ध्रुवीय बर्फातली सूक्ष्म शेवाळं गोठून मरत कशी नाहीत?

तुम्ही विचारलंय की शून्याच्या खाली पाणी गोठतं, मग एका पेशीचं शेवाळ, जे बहुतांशी पाण्याचंच बनलेलं असतं, ते ध्रुवीय बर्फात जिवंत कसं राहतं? पुढे असंही लिहिलंय की बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि यावर काम करायची इच्छा आहे. दोन्हींचं उत्तर देतो. समुद्री बर्फातल्या डायटमवर, म्हणजे सिलिकाचं कवच असलेल्या एकपेशीय शेवाळांवर, मी काही वर्षं प्रयोगशाळेत काम केलंय, त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

कुठेही शोधलंत तर या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर मिळतं: 'त्यांच्यात अँटीफ्रीझ, म्हणजे गोठणं रोखणारी, प्रथिनं असतात.' प्रथिनं असतात हे खरं आहे. पण ती मुख्यतः पेशीच्या बाहेर काम करतात. डायटमची बरीचशी मेहनत आपली राहण्याची जागा पूर्ण गोठू न देण्यात खर्च होते. हे आधी लक्षात घ्या, म्हणजे पुढचं सगळं नीट उलगडेल.

तर सुरुवात त्या जागेपासून. समुद्राचं पाणी साधारण उणे १.८ अंश सेल्सियसला गोठतं. बर्फाच्या स्फटिकाच्या रचनेत मिठाला जागाच नसते, त्यामुळे पाणी गोठताना मीठ बाजूला ढकललं जातं. त्यातलं काही खाली समुद्रात उतरतं आणि काही दाट मिठवणी होऊन बर्फातच अडकतं. म्हणून समुद्री बर्फ हा घट्ट दगड नसतो. त्यात बारीक नळ्यांचं आणि पोकळ्यांचं जाळं असतं, काही नळ्या केसाहून बारीक, काही काडीएवढ्या. डायटम राहतात ते या नळ्यांमध्ये. म्हणजे 'बर्फात गोठलेलं शेवाळ' असं जे आपण म्हणतो, ते शेवाळ खरं तर पाण्यातच असतं. फक्त ते पाणी अतिशय थंड, अतिशय खारट आणि जेमतेम पेशी मावेल एवढं असतं.

बर्फाचा गाभा काढतात तेव्हा हे डोळ्यांनी दिसतं. गाभा म्हणजे पोकळ ड्रिलने काढलेला बर्फाचा लांब दंडगोल. वरचा बराचसा भाग पांढरा, निर्जीव वाटणारा. तळाशी, जिथे बर्फ समुद्राला टेकलेला असतो, तिथले शेवटचे काही सेंटिमीटर मात्र मातकट तपकिरी. वसंतात तर हा रंग इतका गडद होतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला चिखल लागलाय असंच वाटतं. तो रंग फ्युकोझँथिन या रंगद्रव्याचा, म्हणजे डायटमचा. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८३९ ते १८४३ च्या अंटार्क्टिक मोहिमेवर 'एरेबस' जहाजातून गेले होते. त्यांनीही बर्फावरचा हा तपकिरी रंग पाहिला आणि तो डायटमचा आहे हे ओळखलं.

हा तपकिरी तुकडा प्रयोगशाळेत आणल्यावर तसाच वितळू द्यायचा नसतो. बर्फ वितळला की जवळपास गोडं पाणी तयार होतं आणि खारटपणाला सरावलेल्या पेशी त्यात फुगून फुटतात. म्हणून तुकडा गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात बुडवून, अंधारात, थंडीत, हळूहळू वितळवतात. मला हे पहिल्यांदा शिकवलं गेलं तेव्हाच कळलं की या जिवांचा मोठा प्रश्न थंडीइतकाच मिठाचाही आहे.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो. बर्फ जसजसा थंड होतो तसं नळ्यांमधलं आणखी पाणी गोठतं, नळ्या अरुंद होतात आणि उरलेलं पाणी अधिक खारट होतं. उणे ६ अंशांना मिठवणीचा खारटपणा समुद्राच्या जवळपास तिप्पट असतो, उणे १० ला चौपट. मिठवणी आणि तिच्याभोवतीचा बर्फ यांच्यात तोल असतो. त्या तापमानाला द्रव राहण्यासाठी जेवढं मीठ लागतं, नेमकं तेवढंच त्या पाण्यात असतं. अशा पाण्यात बसलेल्या पेशीतून पाणी बाहेर झिरपतं, पेशी आक्रसते आणि आतला रस बाहेरच्या मिठवणीइतकाच दाट होतो. दाटपणा जुळला की गोठणबिंदूही जुळला. बाहेरचं पाणी ज्या तापमानाला द्रव आहे त्या तापमानाला आतलंही द्रवच राहतं. तुम्ही विचारलेल्या 'पेशीतलं पाणी का गोठत नाही'चं गाभ्याचं उत्तर हे आहे, आणि त्यात अजून एकही खास प्रथिन आलेलं नाही.

माशांची गोष्ट वेगळी. अंटार्क्टिकच्या हाडाच्या माशांचं रक्त समुद्राच्या पाण्याहून कमी खारट असतं, म्हणजे त्या पाण्यात ते गोठायला हवं. तिथे रक्तातच अँटीफ्रीझ लागतं आणि ते असतंही. आर्थर डीव्राइस या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंड या खाडीतल्या माशांवर काम करून ते दाखवलं. मला वाटतं, माशांचं हे गाजलेलं उत्तर लोक नकळत शेवाळालाही लावतात.

हा तोल साधायला वेळ मात्र हवा. थंडी हळूहळू वाढली तर पाण्याला बाहेर पडायला सवड मिळते. झटक्यात गोठवलं तर पाणी आतच अडकतं, पेशीत स्फटिक होतात आणि पेशी मरते. समुद्री बर्फ एवढा मोठा आणि खालच्या पाण्याने इतका ऊबदार ठेवलेला असतो की त्याचं तापमान सावकाश बदलतं. हिवाळ्यात वरचा पृष्ठभाग उणे २० च्या खाली गेला तरी तळ उणे १.८ च्या आसपासच राहतो. डायटमची दाटी तळाशी का, याचं हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे तिथे समुद्रातून नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट मिळत राहतं.

पण आतला रस दाट करायचा तो मिठाने करून चालत नाही. सोडियम वाढलं की विकरं, म्हणजे एन्झाइम्स, बिघडतात. म्हणून पेशी विकरांना त्रास न देणारे रेणू साठवते: प्रोलिन, ग्लायसिन बीटेन आणि डीएमएसपी हे गंधकाचं संयुग. या डीएमएसपीचं पुढे काय होतं तेही सांगतो, कारण ते फार सुंदर आहे. पेशी फुटली किंवा कुणी खाल्ली की जिवाणू त्याचं डायमिथाइल सल्फाइड नावाच्या वायूत रूपांतर करतात. समुद्रकाठच्या वासात या वायूचा मोठा वाटा असतो. तो हवेत जाऊन त्याचे सूक्ष्म कण बनतात आणि त्यांच्याभोवती ढगांचे थेंब धरतात. एका पेशीने मिठाशी जुळवून घेण्यासाठी केलेला साठा असा आभाळापर्यंत पोचतो.

आता ती प्रथिनं. त्यांना 'बर्फबंधक प्रथिनं' म्हणणं जास्त बरोबर, कारण ती बर्फाच्या पृष्ठभागाला चिकटतात. गोठणबिंदू ती फारसा खाली आणत नाहीत. माशांच्या तुलनेत त्यांचा हा परिणाम किरकोळ आहे. त्यांची खरी ताकद स्फटिकांची वाढ आणि घडण बदलण्यात आहे. बर्फात लहान स्फटिक विरघळून मोठे होत जातात, आणि मोठ्या, धारदार स्फटिकांमुळे पेशीला इजा होते. ही प्रथिनं ती प्रक्रिया रोखून धरतात. फ्रॅजिलॅरिऑप्सिस सिलिंड्रस आणि नॅव्हिक्युला ग्लेशिआय या डायटममध्ये ती सापडली. विशेष म्हणजे त्यांची जनुकं बुरशी आणि जिवाणूंच्या जनुकांशी जुळतात. म्हणजे ही युक्ती डायटमला पूर्वजांकडून न मिळता कुठल्या तरी शेजारच्या जिवाकडून मिळाली असावी. बर्फाच्या एका नळीत किती दाटीने हे सगळे राहतात हे पाहिलं की त्याचं नवल वाटत नाही.

प्रथिनांच्या जोडीला असतो बुळबुळीत स्राव, लांबलचक शर्करांचा. डायटम तो भरपूर सोडतात. थंड करता येणाऱ्या मंचावर सूक्ष्मदर्शकाखाली बर्फ ठेवून हे पाहता येतं, आणि मला सगळ्यात आवडलेलं दृश्य तेच. नुसत्या मिठाच्या पाण्याचा बर्फ केला तर नळ्यांच्या कडा गुळगुळीत असतात आणि थंडी वाढवली की त्या सरळ आक्रसत जातात. डायटमचा स्राव मिसळलेल्या पाण्याचा बर्फ केला तर नळ्या वाकड्यातिकड्या, खाचाखोचांच्या होतात आणि मिठवणी त्यात जास्त टिकून राहते. २०११ मध्ये मेलोसिरा आर्क्टिका या डायटमच्या स्रावावरचं असं संशोधन प्रसिद्ध झालं. बर्फ किती खारट राहील आणि त्यातून पाणी किती वाहील हे बऱ्याच अंशी हा स्राव ठरवतो, असं त्यातून दिसलं. साधारण उणे ५ अंशांच्या वर, मिठवणीचं प्रमाण बर्फाच्या पाच टक्क्यांहून जास्त झालं की नळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाणी वाहू लागतं. त्याच्या खाली जाळं तुटतं आणि प्रत्येक पोकळी एकटी पडते. अशा एकट्या पोकळीत थोडी जास्त मिठवणी उरणं म्हणजे पेशीला जगायला जागा उरणं.

पेशीच्या आत थंडीचा पहिला घाव पटलावर, म्हणजे मेम्ब्रेनवर, पडतो. पटल मेदाचं असतं. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजतं आणि सूर्यफुलाचं थिजत नाही, त्यामागचंच रसायन इथे आहे. संपृक्त मेदाम्लांच्या सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट लागून बसतात. दुहेरी बंध असले की साखळीला बाक येतो आणि ती मोकळी राहते. ध्रुवीय डायटम पटलांत असंपृक्त मेदाम्लं खच्चून भरतात, विशेषतः ईपीए हे ओमेगा-३ मेदाम्ल, ज्याच्या वीस कार्बनच्या साखळीत पाच दुहेरी बंध असतात. हरितलवकाच्या पटलांसाठी तर हे फारच गरजेचं, कारण प्रकाशसंश्लेषणात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू त्या पटलातूनच सरकतात. क्रिल आणि थंड समुद्रातले मासे ओमेगा-३ साठी नावाजले जातात, पण ते ओमेगा-३ मुळात बनवतात ही शेवाळं.

विकरांबद्दल थोडक्यात. दहा अंश तापमान उतरलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. त्यावर उपाय दोन: विकराची घडण जरा लवचीक ठेवणं, किंवा विकरच जास्त बनवणं. कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या विकराच्या बाबतीत ध्रुवीय डायटम मुख्यतः दुसरा मार्ग धरतात. हे खर्चिक आहे. त्यात नायट्रोजन बराच जातो.

मला खरोखर अवघड वाटतो तो प्रकाशाचा प्रश्न, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. प्रकाश शोषण्याच्या क्रियेला तापमानाशी काही देणंघेणं नसतं. उणे दोनला असो वा पंचवीसला, रंगद्रव्यावर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, आदळला की ऊर्जा मिळालीच. पण ती ऊर्जा वापरून साखर बनवणारी विकरं थंडीत मंद असतात. आवक तेवढीच आणि खर्च मंद, म्हणजे शिल्लक ऊर्जा साचते आणि तीच पेशीला जाळते. त्यामुळे बर्फावरचं हिम एका वादळात उडून गेलं आणि खाली अचानक उजेड पडला, तर ती डायटमसाठी आणीबाणी असते. त्यांच्याकडे डायॅडिनोझँथिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते काही मिनिटांत डायॅटोझँथिनमध्ये बदलतं आणि जादा ऊर्जा उष्णता म्हणून सोडून देतं. उजेड कमी झाला की पुन्हा मूळ रूपात येतं.

दुसऱ्या टोकाला अंधार. हिमाच्या थराखाली, बर्फाच्या तळाशी, वरच्या उजेडाचा एक टक्काही पोचत नाही, आणि हिवाळ्यात तर सूर्यच नसतो. ते महिने डायटम सगळे व्यवहार मंदावून, साठवलेल्या मेदावर आणि शर्करेवर काढतात. २०१९-२० मध्ये 'पोलारस्टर्न' हे जर्मन संशोधनजहाज मुद्दाम आर्क्टिक बर्फात अडकवून वर्षभर वाहू दिलं होतं. मोझॅइक मोहीम ती. त्या मोजमापांवरून २०२४ मध्ये क्लारा होप्पे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मार्चअखेर, सूर्य जेमतेम उगवू लागलेला असताना, बर्फाखालची सूक्ष्म शेवाळं वाढायला लागली होती. तो प्रकाश भर दुपारच्या उन्हाच्या साधारण पन्नास हजाराव्या हिश्श्याएवढा होता. प्रकाशसंश्लेषणाला किमान किती प्रकाश लागावा याची जी सैद्धांतिक मर्यादा मानली जाते, तिच्या अगदी जवळ.

आणखी एक गोष्ट अलीकडची. लांबट डायटमच्या कवचाला एक बारीक चीर असते. तिच्यातून चिकट स्राव सोडत, आतल्या अॅक्टिन-मायोसिन या (आपल्या स्नायूंतही असणाऱ्या) प्रथिनांच्या बळावर ते सरकतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश यांच्या गटाने अलास्काजवळच्या चुकची समुद्रातल्या बर्फातून डायटम आणून २०२५ मध्ये दाखवलं की उणे १५ अंशांनाही ते बर्फावरून सरकतात. केंद्रक असलेल्या पेशीची हालचाल इतक्या कमी तापमानाला याआधी नोंदलेली नव्हती. मुंगीच्या वेगाचीही कल्पना करू नका, हे फार सावकाश चालतं. पण नळीतल्या नळीत जरा बऱ्या जागी जाता येणं हे मरणाजगण्याइतकं महत्त्वाचं ठरू शकतं.

हे सगळं एका डायटमला कसं जमतं याचा थोडा उलगडा फ्रॅजिलॅरिऑप्सिस सिलिंड्रसच्या जनुकसंचातून झाला. थॉमस मॉक आणि सहकाऱ्यांनी तो २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, आणि सहसा त्या जवळपास सारख्या असतात. इथे सुमारे एक चतुर्थांश जनुकसंचात दोन प्रती एकमेकींपासून खूप दूर गेल्या आहेत, आणि परिस्थितीनुसार कधी एक प्रत जास्त वापरली जाते, कधी दुसरी: अंधारात एक, गोठणाऱ्या थंडीत दुसरी, लोह कमी पडलं की आणखी वेगळा मेळ. या जिवाचं जुळवून घेणं एका तापमानाशी नसून वर्षभराच्या उलथापालथीशी आहे, याला मला तरी यापेक्षा चांगला पुरावा ठाऊक नाही.

कारण शरदात बर्फ धरतो तेव्हा खारटपणा वाढतो, हिवाळ्यात अंधार, वसंतात उजेड, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर वितळलेलं गोडं पाणी. हा शेवटचा टप्पा थंडीपेक्षा घातक असू शकतो. महिनोन्‌महिने जमवलेलं प्रोलिन आणि डीएमएसपी तेव्हा तातडीने बाहेर टाकावं लागतं, नाहीतर पेशी फुगते. आणि ऊब? अंटार्क्टिकचे बरेच डायटम चार-पाच अंशांना जोमाने वाढतात आणि दहाच्या पुढे वाढतच नाहीत. आपल्या घरातल्या साध्या खोलीत तर त्यांना उकडेलच.

बर्फच कमी झाला तर काय, हेही याला लागूनच येतं. २०१२ च्या उन्हाळ्यात, आर्क्टिकचा बर्फ विक्रमी आटला त्या वर्षी, आन्त्ये बोएटियस यांच्या गटाला मध्य आर्क्टिकमध्ये चार हजार मीटर खोल तळावर मेलोसिरा आर्क्टिकाचे ताजे पुंजके पसरलेले दिसले. ही शेवाळं बर्फाच्या तळाला लांब झुपक्यांनी लोंबतात. बर्फ गेला आणि ती थेट तळाला गेली. तिथल्या समुद्रकाकडी नावाच्या प्राण्यांना भरपूर खायला मिळालं, पण वरच्या पाण्यातल्या जिवांचा घास गेला. पातळ बर्फातून उजेड जास्त येतो म्हणून शेवाळं वाढतील, असं कुणी सांगितलं तर त्यातला हा दुसरा भाग विसरू नका.

हिमालयात किंवा ग्रीनलंडमध्ये दिसणारं लाल हिम ही वेगळी मंडळी. ती हिरव्या शेवाळांच्या कुळातली, हिमाच्या पृष्ठभागावर भर उन्हात राहणारी, आणि लाल रंग अॅस्टाझँथिन या रंगद्रव्याचा. डायटमबद्दलचं वरचं सगळं त्यांना जसंच्या तसं लागू करू नका.

आता तुमच्या पुढच्या वाटेबद्दल. भारतात ध्रुवीय संशोधनाचं केंद्र गोव्यात वास्कोला आहे, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. अंटार्क्टिकात 'मैत्री' आणि 'भारती', आणि आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर 'हिमाद्री' ही आपली केंद्रं तेच चालवतं. पण त्यासाठी थांबू नका. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या मिठागरात एप्रिल-मे महिन्यात जा. तिथले डायटमही समुद्राच्या कैक पट खारट पाण्यात जगतात आणि पहिल्या पावसात एकदम गोड्या पाण्याला तोंड देतात. मिठाचा जो अर्धा प्रश्न ध्रुवावर आहे तो इथे थंडीशिवाय अभ्यासता येतो. मालकाला विचारून वाफ्याच्या तळाचा तपकिरी थर अलगद खरवडून घ्या, तिथल्याच पाण्यात ठेवा, रिफ्रॅक्टोमीटरने खारटपणा मोजा. थोड्या पेशी एफ-बाय-टू माध्यमात, म्हणजे समुद्री शेवाळं वाढवायच्या पोषक द्रावणात, वाढवा आणि खारटपणा रोज थोडा आणि एकदम खूप, असा दोन तऱ्हांनी उतरवून किती पेशी शाबूत राहतात ते मोजा. कवचं आम्लाने स्वच्छ करून ओळखायला शिका; त्याला महिने लागतील, पण ते कौशल्य पुढे कुठल्याही समुद्रात उपयोगी पडतं. हे आकडे हातात घेऊन एखाद्या संशोधकाला पत्र लिहिलंत तर 'मला ध्रुवीय संशोधनात रस आहे' या वाक्यापेक्षा त्याची दखल नक्कीच लवकर घेतली जाईल. पद्धतीत कुठे अडलात तर इथेच खाली विचारा, मी सांगेन.